औषध आधी की पगार आधी? अफगाणिस्तानातल्या एका लेबर रूमचं प्रकरण

हे प्रकरण अफगाणिस्तानच्या उत्तरेकडच्या एका डोंगराळ प्रांतातलं, ऑगस्ट २०२१ ते जून २०२२ या काळातलं आहे. रुग्णालयाचं, ते चालवणाऱ्या संस्थेचं आणि तिथल्या कुणाचंही नाव दिलेलं नाही. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत किंवा थोडे बदलले आहेत.

मी त्या संस्थेच्या निधी विभागात होते. त्या ऑगस्टमध्ये रजेवर नागपूरला आले होते. काबूलचं परतीचं तिकीट कागदावरच राहिलं आणि पुढचे दहा महिने मी हे काम घरच्या जेवणाच्या टेबलावरून केलं. त्यामुळे इथे लिहिलेलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. ते व्हॉट्सअ‍ॅपवरच्या आवाजी निरोपांतून, मस्टरच्या फोटोंमधून आणि मध्येच तुटणाऱ्या फोनवरून कळत गेलं. वाचताना हे लक्षात असू द्यावं.

पार्श्वभूमी

२००२ साली अफगाणिस्तानात मातामृत्यूंची पहिली नीट मोजणी झाली. चार जिल्ह्यांतल्या त्या पाहणीवरून दर एक लाख जिवंत जन्मांमागे सुमारे १,६०० मृत्यू असा अंदाज निघाला. बदख्शानमधल्या राघ नावाच्या दुर्गम जिल्ह्यात तर आकडा ६,५०० च्या घरात होता. २०२० साठीचा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज ६२० च्या आसपास आहे. आजच्या मापाने तोही भयंकरच, पण वीस वर्षांतली घट खरी आहे, आणि त्यात मोठा वाटा आहे तो गावोगावच्या शिकलेल्या सुईणींचा.

इथे एक खुलासा. 'सुईण' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नऊवारीतली, अनुभवाने शिकलेली बाई येते. तिथल्या दरी भाषेत तिला 'दाया' म्हणतात, म्हणजे आपली दाईच. शिकून, परीक्षा देऊन, पगारावर काम करणारी ती 'काबिला'. पुढे सुईण म्हणेन तेव्हा काबिलाच समजावी. बऱ्याच जणींना गावच्या शुराने, म्हणजे पंचमंडळींनी निवडून शिकायला पाठवलं होतं, शिकून गावातच परत येण्याच्या बोलीवर.

२००३ पासून तिथली सरकारी आरोग्यसेवा एका ठरलेल्या मूलभूत योजनेप्रमाणे चालत होती. इमारती सरकारच्या, पण माणसं नेमणं, औषधं आणणं आणि दवाखाना चालवणं स्वयंसेवी संस्थांकडे, कंत्राटाने. २०१८ पासून या कंत्राटांचं नाव 'सेहतमंदी' होतं. ३४ पैकी ३१ प्रांत अशा कंत्राटांवर होते. देशभरात सुमारे २,३०० दवाखाने आणि वीस हजारांहून जास्त कर्मचारी. पैसा जागतिक बँकेचा, आणि बँकेनेच सांभाळलेल्या एका सामायिक निधीतला. त्या निधीत अमेरिका आणि युरोपातले देश भर घालायचे.

आमच्याकडे जे होतं त्याला तिथे 'जिल्हा रुग्णालय' म्हणतात, पण त्यांचा जिल्हा म्हणजे आपला तालुका. ३० ते ७५ खाटा, लाख ते तीन लाख लोकसंख्या, सिझेरियनची सोय. आपलं उपजिल्हा रुग्णालय डोळ्यांसमोर आणावं. आमच्या लेबर रूमला सहा सुईणी होत्या. त्यांतली थोरली मला 'ख्वाहर जान' म्हणायची, म्हणजे ताई. वयाने ती माझ्याहून मोठी.

सेहतमंदीची एक गोष्ट बाहेरून फार शहाणपणाची दिसायची. पैशाचा काही भाग कामावर बांधलेला होता. किती बाळंतपणं, किती सिझेरियन, गरोदरपणातल्या किती तपासण्या, किती जोडप्यांना गर्भनिरोधकं, या सगळ्याची त्रयस्थ संस्था मोजदाद करणार, मग बिल, मग पैसे. त्यामुळे काम सुधारलं हे नाकारता येत नाही. पण पैसा कायम कामाच्या मागून यायचा. ऑगस्ट उजाडला तेव्हा आधीच्या तिमाहीचं बिल आमच्या ताळेबंदात 'येणे' या रकान्यात बसलेलं होतं.

अडचण

जुलैतच लढाईची रेघ आमच्या तालुक्यावरून पुढे सरकली होती. त्याने रुग्णालय बंद पडलं नाही. रस्त्यावर कुणाचं राज्य आहे याची सवय तिथल्या माणसांना होती. तालिबानच्या आरोग्य समितीशी बोलून काम चालू ठेवणं हेही बहुतेक संस्थांना नवं नव्हतं. १५ ऑगस्टला काबूल पडलं. २४ ऑगस्टला जागतिक बँकेने पैसे देणं थांबवलं. गोळीबाराने जे बंद झालं नव्हतं ते या निर्णयाने बंद पडायला लागलं.

वरवर पाहता अडचण एकच होती, पैसे नाहीत. हिशेब मांडायला बसले तेव्हा त्यात तीन वेगवेगळ्या अडचणी निघाल्या, आणि त्या एकत्र मिसळल्यामुळेच आमचा पहिला महिना वाया गेला.

पहिली, निधीच थांबला. तो 'विकासाचा' पैसा होता. देणाऱ्या देशांचं म्हणणं असं की विकासाचा पैसा सरकारमार्फत जातो, आणि हे सरकार आम्ही मानत नाही. 'मानवतावादी मदत' चालू राहील असंही तेच देश सांगत होते. पण ती मदत म्हणजे तंबू, धान्य, औषधांची खोकी. बाळंतपण यातल्या कुठल्या खात्यात बसतं? बाळंत होणारी बाई तातडीची आहे. तिच्यासाठी रात्री जागणाऱ्या सुईणीचा पगार मात्र 'यंत्रणेचा खर्च', म्हणजे विकास.

दुसरी अडचण, होता तो पैसाही पोचेना. बँका बंद होत्या. उघडल्या तेव्हा आठवड्याला २०० डॉलर किंवा २०,००० अफगाणी इतकीच रक्कम काढता येत होती. मध्यवर्ती बँकेची सुमारे सात अब्ज डॉलरची गंगाजळी अमेरिकेत गोठली. अफगाणी नोटा परदेशात छापल्या जात, त्यामुळे नोटांचाच तुटवडा. तालिबानवरच्या निर्बंधांच्या भीतीने मधल्या परदेशी बँका 'अफगाणिस्तान' हा शब्द दिसला की व्यवहार परत पाठवत. युरोपातून केलेली आमची एक रक्कम दोनदा परत आली, दुसऱ्यांदा तर काहीच कारण न देता.

तिसरी अडचण औषधांची. काबूलचा विमानतळ मोडकळीला आला होता. जागतिक आरोग्य संघटनेचं पहिलं विमान ३० ऑगस्टला साडेबारा टन साहित्य घेऊन मझार-ए-शरीफला उतरलं. आमच्या फार्मसीतलं ऑक्सिटोसिन, म्हणजे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारं इंजेक्शन, तोवर संपत आलं होतं.

समोरचे पर्याय

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात संस्थेने ठरवलं की स्वतःच्या राखीव निधीतून थोडी रक्कम काढायची. पगार, औषध, डिझेल सगळं धरलं तर ती महिनाभरही पुरली नसती. त्या बैठकीत चार पर्याय होते.

कंत्राट संपलं म्हणून रुग्णालय प्रांताच्या आरोग्य खात्याकडे सोपवून बाहेर पडायचं, हा पहिला. कायद्याच्या दृष्टीने सर्वांत स्वच्छ. आमच्या वकिलांना हाच आवडला होता. पण ज्या खात्याकडे सोपवायचं त्याच्या तिजोरीत आमच्याहूनही कमी होतं.

सगळं चालू ठेवायचं पण प्रत्येक गोष्ट अर्धी, हा दुसरा. कुणालाही दुखवायचं नसेल तर माणूस हाच पर्याय निवडतो. तीन आठवड्यांत सगळंच अर्धवट बंद पडलं असतं.

तिसरा, पेशंटकडून फी. मूलभूत योजनेत सेवा मोफत होती. त्या महिन्यांत लोक काबूलच्या फुटपाथवर घरातले गालिचे नि भांडी विकायला बसत होते. हा पर्याय पाच मिनिटांत बाद झाला. पण दुसऱ्या काही ठिकाणी नातेवाइकांना बाहेरून औषधं आणायला सांगणं सुरू झालंच. ती फीच, फक्त पावतीशिवाय.

चौथा, छाटणी. लेबर रूम, नवजात बाळं, ऑपरेशन थिएटर आणि अपघात विभाग चालू ठेवायचे. बाह्यरुग्ण विभाग, गर्भनिरोधकांचं समुपदेशन आणि गावभेटी थांबवायच्या. आम्ही हा निवडला. तो बरोबर होता असं मला आजही वाटतं. त्यात काय छाटलं ते मात्र नाही. त्यावर पुढे बोलते.

काय केलं: पहिला निर्णय, आणि तो का चुकला

राखीव रक्कम हातात होती. ती औषधांवर घालायची की पगारावर?

आम्ही औषध आणि डिझेल आधी घेतलं, पगार 'पुढच्या पैशातून' म्हणून मागे ठेवला. तेव्हाची कारणं खोटी नव्हती. औषध नसेल तर सुईण काय करणार? औषधाची पावती देणगीदाराला दाखवता येते. निर्बंधांच्या वातावरणात खोकी पाठवणं सगळ्यांना सुरक्षित वाटतं, माणसाच्या हातात रोकड देणं नाही. शिवाय सुईणींनीच सांगितलं होतं, आम्ही थांबतो. हे शेवटचं कारण आम्ही सर्वांत जास्त वापरलं. आज ते आठवलं की लाज वाटते. त्यांनी दिलेल्या शब्दाला आम्ही निधीचा स्रोत धरलं.

सप्टेंबर गेला, ऑक्टोबर लागला. पगार नाहीच. एक सुईण कुटुंबासोबत इराणला गेली. दुसरीचा नवरा पूर्वी सैन्यात होता, तो लपून होता, आणि रोजच्या गाडीभाड्याला तिच्याकडे पैसे उरले नाहीत. सहाच्या चार झाल्या. चौघींवर चोवीस तास ओढणं अशक्य होतं. ऑक्टोबरच्या मध्यापासून रात्रीची लेबर रूम बंद झाली. बाळंतपणं दिवस-रात्र पाहून होत नाहीत हे आम्हाला ठाऊक होतं, तरी आदेश तसा निघाला, आणि त्याचा मसुदा मी लिहिला होता.

संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीची खोकी त्याच सुमाराला पोचली. आणीबाणीसाठी हे प्रजनन आरोग्याचे संच क्रमांकाने ओळखले जातात. बलात्कारानंतरच्या उपचारांचा तिसरा, दवाखान्यातल्या बाळंतपणाचा सहावा, गर्भपाताच्या गुंतागुंतीचा आठवा, रक्त देण्याचा बारावा. कल्पना चांगली आहे. एका संचात इतक्या लोकसंख्येला तीन महिने पुरेल इतकं सामान असतं, आणि यादी करत बसायला लागत नाही. आमच्याकडे सहावा आला. कापूस, टाके घालायचं सामान आणि हातमोजेच हातमोजे. ऑक्सिटोसिनला दोन ते आठ अंश तापमान लागतं, म्हणून ते शीतसाखळीतून वेगळं येतं. ते आलं नव्हतं.

ऑक्टोबरच्या अखेरीची एक रात्र. दूरच्या खेड्यातून एका बाईला टॅक्सीने आणलं. चौथं बाळंतपण, मूल घरीच झालं होतं, वार पडली नव्हती, रक्त थांबत नव्हतं. लेबर रूमला कुलूप. चौकीदाराने थोरल्या सुईणीला फोन लावला. रात्री एकटीने बाहेर पडायची सोय नव्हती, म्हणून तिने नवऱ्याला उठवलं आणि मोबाइलच्या उजेडात दोघं चालत आली. जनरेटर संध्याकाळीच बंद झालेला, फ्रीज कोमट, त्यातल्या उरलेल्या ऑक्सिटोसिनवर तिचा भरवसा नव्हता. रक्त थांबवणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तिच्या कपाटात होत्या. त्यांना फ्रीज लागत नाही. गोळ्या जिभेखाली, एक हात पोटावर, एक आत. वार हाताने काढली. बाई वाचली.

सकाळी मला तिचा आवाजी निरोप आला. पाऊण मिनिटाचा असेल. मागे कोंबड्यांचा आवाज. ती म्हणाली, "ख्वाहर जान, हातमोजे खोक्यांनी पडलेत. हात दोनच आहेत."

दुसरा निर्णय: हवाला

त्या निरोपानंतर पगार पुढे आला. पण पोचवायचा कसा?

हवाला म्हटलं की आपल्याकडे छापा, डायरी आणि काळा पैसा आठवतो. भारतात तो बेकायदाच आहे. अफगाणिस्तानात तो बँकेच्या आधीपासूनचा रस्ता आहे, आणि मध्यवर्ती बँक त्याचा परवाना द्यायची. काबूलच्या सराय शहजादा बाजारात बसणाऱ्या या माणसाला तिथे 'सराफ' म्हणतात. आपल्याकडे सराफ म्हणजे सोन्याचं दुकान, पण शब्दाचा मूळ अर्थ नाणी पारखणारा, पैसे बदलून देणारा. तो तिथे अजून शाबूत आहे. हुंडी कशी चालायची हे ज्यांनी आजोबांकडून ऐकलं असेल त्यांना ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही.

आमच्या मुख्यालयाने तीन सराफांची दरपत्रकं मागवली. तिघांची नावं निर्बंधांच्या याद्यांवर तपासली. आधी एक छोटी रक्कम पाठवून पाहिली. सराफाच्या परदेशातल्या खात्यात डॉलर भरायचे, त्याच्या ओळखीचा दुसरा सराफ आमच्या प्रांताच्या बाजारात अफगाणी मोजून द्यायचा, आमचा हिशेबनीस सही करायचा, सहीचा फोटो माझ्याकडे, मग पुढची रक्कम. अंतर सातशे पावलांचं, कागद मात्र चार देशांतून फिरून यायचा. भाव रोज हलत होता. ऑगस्टआधी डॉलरला ८० अफगाणीच्या आसपास असलेला दर डिसेंबरात १०० च्या वर गेला. पगार अफगाणीत ठरलेला असल्याने संस्थेला त्यात काहीच तोटा नव्हता. पिठाचा भाव मात्र डॉलरबरोबर चढत होता, आणि तो तोटा सुईणींच्या घरात जात होता. नोव्हेंबरपासून आम्ही पगारावर एक ठरावीक महागाईची रक्कम दिली. कमी होती.

कायद्याची वाट २४ सप्टेंबरला थोडी मोकळी झाली होती. अमेरिकेच्या अर्थखात्याने मानवतावादी कामासाठी सर्वसाधारण परवाने काढले. २२ डिसेंबरला ते आणखी रुंद झाले आणि त्याच दिवशी सुरक्षा परिषदेचा २६१५ क्रमांकाचा ठराव आला. या मदतीसाठी पैसे देणं निर्बंधांचा भंग नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. कागद हातात असूनही बँका कचरतच राहिल्या. परवाना वकिलाला पटतो. बँकेच्या नियम-विभागातल्या माणसाला तो पटेलच असं नाही, कारण 'नाही' म्हटल्याबद्दल त्याला कुणी जाब विचारत नाही.

तिसरा निर्णय: फ्रीज आणि चौकीदार

यात पैशाचा प्रश्न जवळजवळ नव्हता, म्हणूनच कदाचित हे निर्णय सर्वांत लवकर फळले.

रुग्णालयात लसीकरणाचा सौरऊर्जेवरचा फ्रीज होता. जनरेटर बंद असला तरी तो थंड. ऑक्सिटोसिन त्यात ठेवायला वर्षानुवर्षं मनाई होती. लशींच्या फ्रीजमध्ये दुसरं काही ठेवलं की घोटाळे होतात, ही लसीकरणवाल्यांची भीती अगदीच निराधार नाही. खालच्या कप्प्यात वेगळा डबा, डब्यावर लाल चिकटपट्टी, किल्ली लसीकरण करणाऱ्याकडे आणि एक सुईणीकडे, एवढ्यावर तडजोड झाली. दोन महिने आधी विचारलं असतं तर दोन महिने आधीच झाली असती. विचारलं नव्हतं, कारण लसीकरण एका निधीतून आणि लेबर रूम दुसऱ्या, असे दोन वेगळे कप्पे आमच्या डोक्यातही पडलेले होते.

चौकीदाराची युक्ती थोरल्या सुईणीची. रात्रपाळी पुन्हा सुरू करायची तर बायकांसोबत घरचा पुरुष हवा. तिने सुचवलं, माझ्या नवऱ्याला रात्रीचा चौकीदार नेमा. त्याची नोकरी गेलीच होती. दुसऱ्या सुईणीच्या भावाला रुग्णवाहिकेचा मदतनीस केलं. अंतर्गत लेखापरीक्षणात यावर 'नातेवाइकांची नेमणूक' असा शेरा आला. शेरा नियमाला धरून होता. मी उत्तरात लिहिलं की हा नोकरीचा नाही, वाहतुकीचा खर्च समजावा. २६ डिसेंबरला नवा फतवा निघाला की ७२ किलोमीटरपलीकडे बाईने जवळच्या पुरुष नातेवाइकाशिवाय प्रवास करू नये. त्यानंतर लेखापरीक्षकांनी पुन्हा विचारलं नाही.

तात्पुरता पूल

संयुक्त राष्ट्रांच्या आपत्कालीन निधीतून २२ सप्टेंबरला साडेचार कोटी डॉलर निघाले, आरोग्यसेवा कोसळू नये म्हणून. सेहतमंदीच्या दवाखान्यांपैकी जेमतेम १७ टक्के पूर्ण चालू आहेत, असं जागतिक आरोग्य संघटना त्याच दिवसांत सांगत होती. पाठोपाठ एड्स, क्षय आणि मलेरियासाठीच्या ग्लोबल फंडाच्या पैशातून संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने ३१ प्रांतांतल्या २३,००० हून जास्त कर्मचाऱ्यांचा एका महिन्याचा पगार दिला. १० डिसेंबरला जागतिक बँकेच्या सामायिक निधीतून २८ कोटी डॉलर सोडायचं ठरलं. त्यातले १० कोटी युनिसेफमार्फत आरोग्यासाठी, बाकीचे अन्नासाठी.

आमच्यापर्यंत यातलं पहिलं काही आलं ते नोव्हेंबरात, तेही एका अडथळ्यानंतर. पगार थेट कर्मचाऱ्याला द्यायचा तर याद्या जुळायला हव्यात. आमच्या एका सुईणीचं नाव तीन याद्यांत तीन तऱ्हांनी लिहिलेलं होतं. तिचं ओळखपत्र दरी भाषेत, आमचं पगारपत्रक रोमन लिपीत, जुन्या कंत्राटाची यादी आणखी कुणीतरी केलेली. आडनाव लावायची पद्धत तिथे सगळीकडे नाही. संगणकाला त्या तीन वेगळ्या बायका वाटल्या. ते सोडवायला सोळा दिवस गेले, आणि त्या सोळा दिवसांत तिने रोज ड्यूटी केली.

निष्पत्ती

रात्रीची लेबर रूम नोव्हेंबरच्या शेवटी पुन्हा उघडली. दिवसाची एकदाही बंद पडली नाही. इराणला गेलेली सुईण परतली नाही. दुसरी फेब्रुवारीत परत आली. २०२२ च्या उन्हाळ्यात जागतिक बँकेच्याच पैशाने, पण सरकारला वगळून युनिसेफमार्फत, नवा प्रकल्प सुरू झाला आणि आमचं रुग्णालय त्यात गेलं.

बंद काळात आमच्या रजिस्टरमध्ये बाळंतपणं कमी दिसतात, मातामृत्यूही कमी दिसतात. अहवालात कुणीतरी हे 'सेवा खंडित होऊनही परिणाम मर्यादित' असं लिहिलं होतं. ते वाक्य मी काढलं. ज्या बायका आल्याच नाहीत त्यांचं रजिस्टर आमच्याकडे नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पगाराचा निर्णय उलटा घ्यायला हवा होता. औषधाला दुसरे हात मदत करत होते. संयुक्त राष्ट्रांची विमानं, सीमेवरून येणारे ट्रक, शेजारच्या प्रांतातल्या संस्थेकडून उसनं, यातून काही ना काही येणारच होतं. आमच्या सुईणींचा पगार आणायला जगात दुसरं कुणी धावणार नव्हतं. पूर्ण देता येत नसेल तर निम्मा, पण ठरल्या तारखेला. आणि 'पुढच्या पैशातून देऊ' याऐवजी 'ऑक्टोबरचा देऊ शकतो, नोव्हेंबरचं माहीत नाही' असं सरळ सांगायला हवं होतं. थोरल्या सुईणीने नंतर मला ऐकवलंच, की नाही म्हणाला असतात तर मी उधारी वेगळ्या दुकानातून केली असती.

दुसरी चूक छाटणीत. गर्भनिरोधकं 'तातडीची' नाहीत म्हणून आम्ही ते काम थांबवलं. सल्ला देणारी कर्मचारी घरी बसली, तीन महिन्यांच्या इंजेक्शनचा साठा कुलपात राहिला. ज्यांची पुढची तारीख सप्टेंबरात होती त्या बायका येऊन परत गेल्या. आणीबाणीतल्या प्रजनन सेवांच्या किमान संचाची २०१८ साली सुधारणा झाली, तेव्हा नको असलेली गर्भधारणा टाळणं हे त्याच्या उद्दिष्टांतच घातलं गेलं. तो कागद माझ्या लॅपटॉपवर होता. २०२२ च्या उन्हाळ्यात लेबर रूममध्ये गर्दी वाढली, तेव्हा थोरलीने एकेकीचं कार्ड काढून इंजेक्शनची चुकलेली तारीख मला वाचून दाखवली. नऊ महिने मोजायला गणित लागत नाही.

तिसरी गोष्ट आमच्या हातात पूर्ण नव्हती, पण थोडी होती. पैसा कामाच्या मागून येणार असेल तर संस्थेने मधल्या काळाचा पगार वेगळा राखून ठेवायला हवा. देणगीदार हे मानत नाहीत; त्यांच्या लेखी न वापरलेला पैसा म्हणजे परत करायचा पैसा. २०२२ नंतर आम्ही दोन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम छोट्या, अटी नसलेल्या देणग्यांतून बाजूला काढत गेलो. २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबवली, तेव्हा जुना व्हॉट्सअ‍ॅप गट पुन्हा जागा झाला. त्या वेळी फेब्रुवारीचा पगार तारखेला गेला. मार्चचाही. एप्रिलपासून परत छाटणी, पण या वेळी इंजेक्शनं यादीत वर होती.

हवाल्याबद्दल मतं वेगळी आहेत. आमच्यातल्या काहींच्या मते तो सप्टेंबरातच सुरू करायला हवा होता. मला तसं वाटत नाही. परवाने २४ तारखेला आले. त्याआधी पाठवलेला एक डॉलरही पुढे कुणाच्या तरी अंगावर आला असता, आणि ते अंग बहुधा आमच्या स्थानिक हिशेबनिसाचं असतं. पण दरपत्रकं मागवणं, नावं तपासणं ही तयारी ऑगस्टातच करता आली असती. ती केली नाही, कारण बँका 'पुढच्या आठवड्यात' सुरळीत होतील असं आम्ही दर आठवड्याला म्हणत होतो.

एक हिशेब अजून उघडा आहे. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२१ चा पगार. जुनं कंत्राट थांबलेलं, आणि नव्या करारांत मागची थकबाकी देण्याला मुभा नव्हती. सप्टेंबरचा अर्धा आम्ही स्वतःच्या निधीतून दिला. उरलेला दीड महिना ताळेबंदात 'देणे' म्हणून आहे. दर मार्चमध्ये लेखापरीक्षक विचारतात, ही रक्कम निर्लेखित करायची का, म्हणजे देणं नाही म्हणून काढून टाकायची का. मी दर मार्चमध्ये 'नाही' लिहिते. थोरली नवरोजच्या, म्हणजे तिथल्या मार्चमधल्या नववर्षाच्या, शुभेच्छा पाठवते, आणि खाली त्याच दीड महिन्याबद्दल विचारते.